मोडीतला ‘क’ आणि मीमांसकांचा वर्ण

बडोद्याच्या गोरव्यातला मराठी वाचक दुकानावरची गुजराती पाटी वाचतो, तेव्हा डोक्यावर रेघ नसली तरी ‘क’ त्याला ‘क’च वाटतो. अशी ओळख पटणे हाच वर्ण, म्हणजे भाषेतला मूळ ध्वनी, नित्य मानणाऱ्या मीमांसकांचा मुख्य पुरावा. ‘गो’ शब्द आठ वेळा उच्चारला असे लोक म्हणतात, आठ ‘गो’ शब्द उच्चारले असे म्हणत नाहीत, याकडे मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींनी बोट दाखवले. वर्ण एकच आणि नित्य. उपजतो नि विरतो तो उच्चार. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटले नाही. त्यांच्या मते वर्ण उत्पन्न होतो, नष्ट होतो, आणि ‘हाच तो’ असे वाटते ते साम्यामुळे. संगणकाने हा वाद नकळत पुन्हा उकरून काढला. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ सगळ्यांच्या ‘क’ला एकच संकेतांक होता; लिपी म्हणजे वरचा अंगरखा. युनिकोडने लिपीगणिक वेगळे संकेतांक दिले आणि २०१४ साली मोडीलाही स्वतंत्र जागा दिली. मोडीपुरता तरी युनिकोडचाच निर्णय बरोबर आहे, कारण लिहिलेले अक्षर म्हणजे वर्णाची निव्वळ प्रतिमा नव्हे.

गायकवाडी दप्तरातला मोडी कागद घ्या. कारकून आधी ओळभर रेघ ओढतो, मग तिच्याखाली अक्षरे जोडत जातो. शब्दांत अंतर नाही, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद व्यवहारात पाळलेला नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर एकच. देवनागरीत उतरवताना कोणता घ्यायचा हे लिप्यंतरकार ठरवतो. म्हणजे कारकुनाने न केलेली निवड त्याच्या नावावर जमा होते. तमिळमध्ये तर एकच अक्षर क, ख, ग, घ या सगळ्यांचे काम करते. त्याला देवनागरी ‘क’चा संकेतांक देणे हा वर्णाचा नव्हे, देवनागरीचा आग्रह झाला. गुजरातीच्या बाबतीत मात्र इस्कीचा हिशेब बराचसा जमतो, हे कबूल करायला हवे.

लिपीला इतके महत्त्व देण्याला बडोद्यातच तगडे उत्तर तयार आहे. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती शारदा, नेवारी, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या ताडून. छापली देवनागरीत, आणि रामायण त्यामुळे उणे झाले नाही. खरे आहे, तोंडी चालत आलेल्या श्लोकाला लिपी परकीच. पण त्याच संपादकांनी पोथ्यांना खुणा दिल्या त्या लिपीवरून. कारण कोणते अक्षर कोणासारखे दिसते यावर लेखनिकाची चूक ठरते, आणि पाठ लिपीच्या वाटेने फुटत जातात. श्लोक लिपीवाचून राहतो, पण त्याचा इतिहास राहत नाही. दस्तऐवजाला तर इतिहासाखेरीज दुसरे काही नसतेच.

उरतो एक आक्षेप: संकेतांक माणसांनी ठरवलेले, मग त्यांना अक्षराची ओळख कशी म्हणायची? म्हणू नयेच. मराठी आणि हिंदी वळणाचे ‘ल’ वेगळे दिसतात, तरी संकेतांक एक. उलट ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. साध्या शोधात मात्र एक शोधले की दुसरे निसटते. ‘हाच तो’ म्हणणारा वाचक इथे बरोबर आणि यंत्र चूक, तर मोडीत नेमके उलट.