सौम्यांचे वतन



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू दीनांना स्वर्गाचे राज्य देतो, शोक करणाऱ्यांना सांत्वन देतो. सौम्यांना मात्र तो जमीन देतो (मत्तय 5:5). मराठी पवित्र शास्त्रात तिथे 'वतन' हा शब्द आहे. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. सातबारावरचे एखादे नाव, सामाईक विहीर, हातभर सरकलेला गडगा, हद्दीवरचा एक माड, एवढ्यावरून आपल्याकडे सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्सेला एकाच चर्चमध्ये येतात आणि शांतीचे अभिवादन करायची वेळ आली की दुसरीकडे वळतात.

मग सौम्याला जमीन मिळते, हे खरे कसे मानायचे? आपला अनुभव तर असा, की जो गप्प बसतो त्याच्याच बागेत गडगा सरकतो.

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची गोष्ट आहे. पलिष्ट्यांनी त्याच्या वडिलांच्या वेळच्या विहिरी मातीने बुजवल्या. त्याच्या चाकरांनी गरारच्या खोऱ्यात नवी विहीर खणली, जिवंत झरा लागला, तर तिथले गुराखी पाण्यावर हक्क सांगू लागले. इसहाकाने पुढे जाऊन दुसरी खणली. तिच्यावरूनही तंटा! तिसरीवर मात्र कोणी आले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे ऐसपैस जागा. ही गोष्ट सांगताना एक तपशील नेहमी सुटतो. राजाने इसहाकाला तिथून जायला सांगितले, ते तो डोईजड झाला म्हणून. गडीमाणसे होती, लढायची ताकद होती. ती त्याने खणण्यात घातली. पुढे तोच राजा आपण होऊन सलोखा करायला आला.

म्हणून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. सौम्यतेचा उपदेश आपल्याकडे बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला केला जातो. भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहिणीला म्हणतात, "तू देवाधर्माची, वाद कशाला, सही कर." मृत्युपत्र नसेल तर 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तो तिने शांतपणे मागितला तर त्यात सौम्यतेला कसलाही बाध नाही. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने हात उगारला नाही, पण का मारलेस हे त्याला विचारले (योहान 18:23). संत थॉमस अक्वायनसच्या मते सौम्यता म्हणजे रागाला लगाम; जिथे राग यायलाच हवा तिथेही न येणे, याला तो दोष मानतो. त्या घरात सौम्यता शिकायची आहे ती भावांनी. आवाज त्यांचा मोठा आणि कचेरीत ओळखही त्यांचीच.

शेजारच्या गोव्यातील बाणावलीचे संत जोसेफ वाझ (1651-1711) आपल्याला परके नाहीत. डच अमलात कॅथलिक धर्मगुरूंना सिलोनमध्ये बंदी होती, तेव्हा ते 1687 साली गरीब मजुराच्या वेषात तिथे उतरले. 1692 मध्ये कँडीत पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैद झाली. कैदेत ते सिंहली भाषा शिकले. 1697 साली त्याच शहरात देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि हा कालचा कैदी घरोघर जाऊन त्यांना धूत, भरवत राहिला. राजाची मर्जी बसली. तिचा उपयोग त्यांनी जुना हिशेब चुकता करण्यासाठी केला नाही. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि वाटणीची बोलणी निघतात. बोलणी सुरू करण्यापूर्वी घरातल्या थोरल्याने उत्पत्तीचा तो अध्याय सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. बहिणींनाही बोलवावे, आणि कागद पुढे करण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकावे. कोणाला आम्ही सोबत बसावे असे वाटले, तर मिस्सेनंतर सांगावे. आम्ही येऊ.