राग गिळण्याच्या आधी

गोळी सुरू झाली आणि माझ्या धाकट्या भावाचं कामात लक्ष लागू लागलं. राग मात्र होता तिथेच राहिला. तो ताथवड्यात राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. पस्तिशी ओलांडल्यावर त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार, असल्याचं निदान झालं. आता तो मीटिंगमध्ये शेवटपर्यंत बसतो, वीजबिल वेळेवर भरतो. पण "हे परत एकदा बघ" एवढ्या साहेबांच्या मेसेजने त्याची अख्खी संध्याकाळ करपते. घरच्यांना वाटलं, औषध अर्धवटच लागू पडलं. पण त्याच्या गोळीतल्या मिथाइलफेनिडेटचा गुण लक्ष आणि चंचलता यांवर जितका दिसतो, तितका भावनांच्या उसळीवर सहसा दिसत नाही. काहींना बराच फरक पडतो, अनेकांना थोडाच. उरलेलं काम गोळीबाहेर करावं लागतं, आणि ते नेमकं कुठे करायचं, याबद्दल आपल्या घरांत फार गैरसमज आहेत.

१९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये ४३ मुलांविषयी व्याख्यानं दिली. एडीएचडीच्या इतिहासात ती नेहमी सांगितली जातात. त्या मुलांचा अनावर संताप स्टिलनी ठळकपणे नोंदवला होता. फक्त त्याला त्यांनी नैतिक नियंत्रणातला दोष ठरवलं. पुढे व्याख्या बदलत गेल्या आणि भर हालचालींवर, लक्षावर गेला. मुलगा किती वेळा जागेवरून उठला हे मोजता येतं. त्याच्या आत काय उसळलं हे मोजणं कठीण. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत एडीएचडीची १८ लक्षणं आहेत, आणि त्यांतलं एकही थेट भावनेबद्दल नाही. चिडचिड, लवकर निराश होणं, मूड झरझर बदलणं यांचा उल्लेख सोबत आढळणाऱ्या गोष्टींत येतो. अमेरिकेतल्या पॉल वेंडर यांनी मात्र प्रौढांसाठी केलेल्या युटा निकषांत तापटपणाला जागा दिली होती. भावना न आवरणं हा या विकाराच्या गाभ्याचाच भाग आहे, असं रसेल बार्कली सांगत आले आहेत.

मला बार्कलींचं म्हणणं पटतं. मध्येच बोलू पाहणारी जीभ ज्या लगामाने थांबते, त्याच लगामाने रागही थांबतो. शिवाय रागाच्या क्षणी बऱ्याच गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. समोरची बायको कालच आपल्यासाठी जागली होती, उद्या याच साहेबांसमोर बसायचं आहे, मागच्या वेळी असंच वाटलं होतं आणि सकाळी ओसरलं होतं. एका वेळी इतकं धरून ठेवणारी ही स्मरणशक्तीच तोकडी असेल, तर मनात उरतो तो फक्त आत्ताचा अपमान. म्हणून भावाचा राग खोटा नसतो आणि नाटकी तर मुळीच नसतो. त्या दहा मिनिटांत त्याच्यासाठी दुसरं काही अस्तित्वातच नसतं.

आपल्याकडे क्रोध हा षड्रिपूंतला एक. त्यामुळे चिडणाऱ्याकडे आपण संयम न कमावलेला माणूस म्हणून बघतो. मनाशी बोलून त्याला समजावण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. समर्थांचे मनाचे श्लोक घराघरांत म्हटले गेले. आपल्या काळात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने असा विचार सामान्य वाचकांपर्यंत नेला. घटना आपल्याला थेट छळत नाही, तिच्याविषयीची आपली धारणा छळते, हे एलिस यांचं सूत्र भावालाही उपयोगी पडलं. पण केव्हा? दुसऱ्या दिवशी सकाळी, वही उघडून बसल्यावर. 'साहेबांनी परत बघायला सांगितलं म्हणजे मी नालायक ठरलो' हे वाक्य कागदावर उतरलं, की त्यातली चूक त्याला लगेच दिसते. भर रागात त्याला विवेकाचे चार शब्द सांगितले, की मात्र भडका दुप्पट होतो. विवेक त्याच्याकडे आहे. तो उशिरा पोहोचतो. सकाळची ही उजळणी नेमाने झाली, तर तो हळूहळू लवकर पोहोचू लागतो.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, हा जपानी शब्द लाइनवरच्या पोराच्याही तोंडी असतो. खराब पार्ट शेवटच्या तपासणीत पकडणं सगळ्यांत महाग पडतं, आणि ऑपरेटरला झापून रिजेक्शन कमी होत नाही, हे तिथे पहिल्या महिन्यातच शिकवतात. फिक्स्चर असं करा की पार्ट उलटा बसूच नये. काही बिघडतंय असं दिसलं, तर दोरी ओढून लाइन थांबवा. थांबवणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये भावना आवरण्याच्या जागा अशाच क्रमाने मांडल्या. आधी प्रसंग निवडणं, मग प्रसंगात बदल करणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, अर्थ नव्याने लावणं, आणि सगळ्यांत शेवटी उमटलेली प्रतिक्रिया दाबणं. "राग गिळ", "शांत हो", "एवढ्याशा गोष्टीवरून काय?" हे आपले सगळे सल्ले त्या शेवटच्या जागेवरचे आहेत. दाबलेल्या रागाने चेहरा शांत दिसतो, शरीरावरचा ताण उतरत नाही.

मग आधीच्या जागा शोधाव्या लागल्या. पहिली सापडली झोपेत. सलग ३५ तास जागलेल्या निरोगी तरुणांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची अप्रिय चित्रांवरची प्रतिक्रिया सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली, असं २००७ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात आढळलं. एडीएचडी असलेल्या अनेकांची झोप मुळातच उशिरा सरकलेली असते. त्यात रात्रीचे अमेरिकी कॉल. या पट्ट्यातल्या तीन पाळ्यांत फिरणाऱ्या कामगारांत असं निदान न झालेले किती जण 'डोक्याने गरम' म्हणून ओळखले जात असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी जागा रस्त्यावर होती. हिंजवडीतून भूमकर चौकातून घरी येईपर्यंत माणूस भुकेला, हॉर्नने वैतागलेला असतो. दारात पाय ठेवताच मुलीची शाळेची फी किंवा गळका नळ समोर आला, की ठिणगी पडणारच. आता घरात ठरलेलं आहे : आधी खाणं, मग अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. साहेबांना उत्तर रात्री लिहायचं तर लिही, पाठवायचं सकाळी. आणि लाइन थांबवायची दोरीही आहे : "मी खाली चक्कर मारून येतो, साडेनऊला परत येऊन बोलतो." यातलं साडेनऊ फार महत्त्वाचं. वेळ न सांगता निघून गेलेल्या माणसाची वाट बघणं म्हणजे मागे राहिलेल्यासाठी शिक्षाच.

रागाबद्दलच लिहीत राहिलो तर भावावर अन्याय होईल. त्याच्या भावना सगळ्याच बाजूंनी मोठ्या आहेत. रात्री शेजाऱ्यांच्या मुलाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर गाडीची किल्ली घेऊन पहिला तोच धावतो. आणि भडका ओसरल्यावर येणारी शरम तर रागापेक्षाही खोल जाते. मग काही दिवस तो सगळ्यांना हो म्हणत सुटतो, झेपणार नाहीत अशी कामं अंगावर घेतो, आणि त्याच ओझ्याखाली पुन्हा चिडतो. हे चक्र बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची दखलही कुणी घेत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे "चुका तोंडी न सांगता लेखी कळवा, म्हणजे मला विचार करायला वेळ मिळेल" ही साधी सोय मागायलाही माणूस कचरतो. ती द्यायला कंपनीला एक रुपयाही लागत नाही.

निदानामुळे बोललेले शब्द मात्र परत घेता येत नाहीत. ते कुणाला तरी लागलेले असतात. समुपदेशनाला भावासोबत भावजयही गेली होती. त्याला काय होतं, कशाने होतं, हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "दोरी त्याच्या हातात दिलीत, चांगलं झालं. मलाही ती ओढायची असते, तेव्हा मी कुठे जायचं?" त्यानंतरची एक भेट समुपदेशकांनी फक्त तिच्यासाठी ठेवली. त्या संध्याकाळी मुलीला घेऊन घरी थांबायचं काम भावाने स्वतःहून मागून घेतलं.