आवळलेली मूठ

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८



चिंतेने ग्रासलेल्या मनुष्याला आपण मंडळीत बहुधा एकच उत्तर देतो : विश्वास ठेव, प्रार्थना कर. उत्तर खरे आहे. परंतु प्रार्थना करूनही छातीतली धडधड थांबत नाही, तेव्हा आपला विश्वासच खोटा असे त्या बिचाऱ्याला वाटू लागते, आणि तो आपले दुःख लपवू लागतो.

देवाने एलीयाला कसे वागवले ते पाहा. कर्मेल डोंगरावर निर्भयपणे उभा राहिलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला झिडकारले नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले. पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबावरचे संभाषण त्यानंतरचे. आधी देवाने थकलेल्या शरीराची काळजी घेतली.

चिंता शरीरातही घर करते. दात आवळले जातात, खांदे वर चढतात, मान ताठते. अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी याचा अभ्यास करून स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची रीत १९२९ साली पुस्तकरूपाने मांडली. पुढे ती संक्षिप्त झाली व आजही शिकवली जाते.

शांत जागी बसा किंवा आडवे व्हा. मूठ आवळा, ५ ते ७ सेकंद ताण जाणवू द्या. मग एकदम सैल सोडा आणि २०-३० सेकंद हाताकडे लक्ष द्या. याच क्रमाने दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या व पावले. श्वास रोखू नका, दुखेल इतके आवळू नका, दुखरा भाग वगळा. रोज १५-२० मिनिटे पुरेत. मात्र ही सरावाने येणारी गोष्ट आहे.

सैल सोडायचे तर आधी आवळायचे कशाला? कारण ताण कोठे आहे हे ज्याला कळत नाही, त्याला तो सोडता येत नाही. प्रार्थनेचेही तसेच नाही का? सर्व काळजी देवाच्या स्वाधीन करण्यास पेत्र सांगतो (१ पेत्र ५:७). पण आपण काय घट्ट धरून ठेवले आहे, मुलीचे लग्न, कर्ज, की आजारपणाचे भय, हे ओळखल्याविना ते स्वाधीन करणार कसे? त्याचे नाव घेऊन ते देवापुढे ठेवा.

या अभ्यासाने तारण होत नाही, आणि तो डॉक्टरांची जागाही घेत नाही. झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर उपचार घेण्यास लाजू नका. एलीयाने पुढे केलेली भाकर नाकारली नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, परीक्षेच्या दिवसांत मुले घाबरलेली असतात. प्रार्थनेपूर्वी त्यांना मुठी आवळून सोडायला लावा. मग उघड्या हातांनी प्रार्थना करू द्या. आणि चिंताक्रांत बंधू किंवा भगिनी भेटली, तर उपदेशाआधी तिला जवळ बसवा, पाणी द्या, तिचे ऐका.

आपल्या शरीराचा निर्माणकर्ता आपणां सर्वांस विसावा देवो. आमेन.