एकाच चर्चमध्ये दोन उत्तरं

‘फक्त बायबल प्रमाण’ असं एकदा ठरवलं, की पुढचा प्रश्न टळत नाही: बायबलचा अर्थ कोण लावणार? १५१७ नंतरचा प्रोटेस्टंट विचार बराचसा या प्रश्नाभोवतीच वाढला आणि फुटलाही.

झुरिचचं बघा. तिथे झ्विंग्लीने बायबलच्या आधारावर पोपची सत्ता नाकारली. मग त्याच्याच शिष्यांनी विचारलं, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्या असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय? आधी श्रद्धा, मग बाप्तिस्मा. झ्विंग्लीचं म्हणणं, देवाचा करार मुलांनाही लागू आहे. १५२५ मध्ये शिष्यांनी मोठ्या माणसांना बाप्तिस्मा दिला. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला शहराने लिमात नदीत बुडवून मारलं. अर्थ लावायचा जो हक्क रोमकडून हिसकावून घेतला, तो पुढच्या माणसाला द्यायला कुणी तयार नव्हतं.

हा वाद आमच्या तालुक्यापर्यंत आलेला आहे. मी डहाणूतल्या वाढवणचा, ख्रिस्ती नाही. डहाणूत मिशन हॉस्पिटल चालवणारे अमेरिकन लोक ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’चे होते. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊत आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेतला, तिथून हा पंथ सुरू झाला. म्हणजे या प्रश्नावर ते मान्झच्या बाजूचे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि तो न मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही. ठरलं असं, की दोन्ही पद्धती चालतील.

माझ्या डोक्यातला प्रोग्रामर इथे अडतो. बाळपणीचा बाप्तिस्मा खरा असेल, तर दुसरा निरर्थक. दुसराच खरा असेल, तर पहिला नुसतं पाणी. दोन्ही एकदम बरोबर कसे? आणि बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या एखाद्याने मोठेपणी पुन्हा मागितला तर? त्यासाठी एकीच्या योजनेत नियम नाही, माणूस ठेवला: असं प्रकरण बिशपकडे जाईल, तो त्या व्यक्तीशी बोलून ठरवेल.

आधी मला ही पळवाट वाटली. आता वाटत नाही. सत्य एकच आहे असं मानणं वेगळं, आणि ते आपल्याच हातात आहे म्हणून दुसऱ्याला बुडवणं वेगळं. नागपुरात कुणी आपलं मत सोडलं नाही. सोडला तो दुसऱ्यावर जबरदस्ती करायचा हक्क.

पण याला मर्यादा आहे. गुजरातमधल्या काही ब्रेदरन मंडळींनी हे विलीनीकरण मानलं नाही. वाद कोर्टात गेला, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या ठरावाने त्यांच्या ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. श्रद्धा दोन तऱ्हेच्या चालतात. इमारतीची किल्ली एकाकडेच राहते. हे आम्हा वाढवणकरांना वेगळं सांगायला नको. बंदर एकतर होतं, नाहीतर होत नाही. तिथे ‘दोन्ही मान्य’ असं लिहिता येत नाही.

म्हणून कुठलाही वाद समोर आला की मी आधी एवढंच तपासतो: इथे दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी नांदू शकतात का? नांदू शकत असतील, तर एकाचा हट्ट म्हणजे सत्यावरचं प्रेम नव्हे, नुसती सत्ता. आणि नांदू शकत नसतील, तर ज्याचं जाणार आहे त्याची संमती आधी, ठराव नंतर.