फलाटावरचा चहा

सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडू लागले, तेव्हा भुयारी रेल्वेत आसरा घ्यायला सरकारची मनाई होती. एकदा खाली गेलेली माणसं कामासाठी वर येणारच नाहीत, अशी अधिकाऱ्यांना धास्ती. लोकांनी स्वस्तातलं तिकीट काढलं आणि फलाटांवर पथाऱ्या पसरल्या. सरकारला नमतं घ्यावं लागलं.

पण जागेवरून न हाकलणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे. जबाबदारी घेतली गेली ती खाण्यापिण्याची सोय झाली तेव्हा, असं मला वाटतं. रेल्वेने खास गाड्या सोडल्या. रोज रात्री सुमारे ७ टन खाद्यपदार्थ स्थानकांवर पोचू लागले. बन, केक, चहा, कोको. पेला मात्र ज्याचा त्याने आणायचा.

हे सगळं विकत मिळे. विकत घेणारा मिंधा नसतो, हे खरं. पण ज्यांचं घरच रात्रीत जमीनदोस्त झालं, त्यांच्या मुलांचं काय? याचं उत्तर मला लंडनमधल्याच स्पिटलफील्ड्सच्या फळबाजाराखालच्या तळघरात सापडतं. हजारो माणसं तिथे घाणीत, दाटीवाटीत रात्र काढत होती. चष्मे बनवणारे मिकी डेव्हिस यांनी त्यांची समिती उभी केली, कँटीन सुरू झालं आणि कँटीनच्या नफ्यातून मुलांना फुकट दूध मिळू लागलं. ज्याला परवडतं त्याने चहाचे पैसे द्यावेत आणि त्यातून शेजारच्या पोराचं पोट भरावं, इतका साधा न्याय. तो मंत्रालयात नव्हे, उपाशी माणसांच्या गर्दीत सुचला, याला मी फार मोल देतो.

त्याच सप्टेंबरात लंडनच्या ईस्ट एंड या गरीब भागातले रहिवासी साव्हॉय या आलिशान हॉटेलच्या तळघरात शिरले होते. तिथे श्रीमंत पाहुण्यांसाठी बिछाने तयार होते. आत गेल्यावर त्यांनी चहा मागितला आणि पैसे मोजून घेतला. नुसता जीवच वाचवायचा असता तर भिंतीला टेकून बसले असते. चहा मागून त्यांनी सांगितलं, की आम्ही इथे घुसखोर नाही, या शहराचेच आहोत.

२०२२मध्ये रशियाच्या हल्ल्यात युक्रेनमधल्या खार्किवच्या मेट्रो स्थानकांतही लोक आठवडेच्या आठवडे राहिले. त्यांच्यापर्यंत गरम अन्न नेलं ते बरंचसं स्वयंसेवकांनीच. युद्धाची तयारी करणारी सरकारं काँक्रीटची जाडी मोजतात. खाली उतरलेल्या मुलांना रात्री दूध कोण देणार, हे त्या आराखड्यात आधीपासून लिहिलेलं असायला हवं. स्पिटलफील्ड्सच्या माणसांना हे कळत होतं. आश्रयस्थानाचा प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिकी डेव्हिसनाच निवडलं.