अंगारा कपाळी, औषध पोटी



या पत्रिकेतील निरूपण नेहमी तीर्थरूप बाबा लिहितात. या खेपेस पडशाने त्यांचा घसा बसला आहे, अंगात थोडी कणकणही आहे. म्हणून ‘या वेळचे चार शब्द तूच लिही’ अशी त्यांची आज्ञा झाली. माझे शिक्षण उच्च माध्यमिक परीक्षेपुरतेच आहे आणि शास्त्राचा व्यासंग नाही. देवळात वावरताना जे पाहिले व घरात जे भोगले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो. उणे असेल ते आपण सांभाळून घ्यावे.

विषयाला आरंभ बाबांच्या पडशापासूनच करतो. आईने सुंठ, तुळस व गूळ घालून काढा केला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावल्या आणि त्यांना दोन दिवस अंथरुणावर बसवून ठेवले. साध्या पडशाला मुळापासून घालवील असे औषध अद्याप नाही; ते आठ-दहा दिवसांत आपल्या पावलांनी जाते. काढ्याने जिवाला बरे वाटते, इतकेच. पडशासाठी दुकानातून जिवाणुनाशक गोळ्या आणून खाणे तर निरर्थकच, कारण त्या गोळ्या विषाणूंवर चालत नाहीत. म्हणजे ज्याला आपण अगदी किरकोळ दुखणे म्हणतो, तेथेही काय करावे आणि काय करू नये याचा विवेक लागतो.

हा विवेक मला लहानपणीच घरात पाहावयास मिळाला. मी नऊ वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला. ताप उतरेना, तेव्हा समाचाराला आलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “घरात साक्षात देव असताना दवाखाना कशाला?” बाबांनी देवापुढील अंगारा माझ्या कपाळी लावला आणि त्याच पावली मला खांद्यावर घेऊन धारच्या एका डॉक्टरांकडे नेले. वाटेत ते म्हणाले, “अंगारा कपाळी लावायचा, औषध पोटात घ्यायचे. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये. त्यात दोघांचाही अपमान होतो.” त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. आज कळतो.

वस्तुतः आपल्या धर्माने औषधाला परके मानलेले नाही. समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन वर आला तो धन्वंतरी. त्यालाच आपण धनत्रयोदशीला पूजितो. मराठीत एका भयंकर रोगालाच आपण ‘देवी’ असे नाव दिले होते. आपल्या माळव्यात शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे शिळे अन्न नैवेद्याला ठेवतात. आपल्या पणज्यांनी ते व्रत मुलांच्या जिवाच्या भयाने केले. लस घराघरांत पोहोचली, आणि १९७५ नंतर भारतात देवीचा एकही नवा रोगी आढळला नाही. १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. शीतलामातेची पूजा मात्र आजही चालू आहे. लसीने देवीचा कोप नाहीसा केला, भक्ती नाही.

येथपर्यंत जे सांगितले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली तो प्रसंग सांगतो. त्यात दोष माझा आहे.

माझी थोरली बहीण देवासला दिली आहे. तिचा मुलगा आज आठ वर्षांचा आहे. तो मोजके पाच-सहा शब्द बोलतो. नावाने हाक मारली तर बहुधा वळून पाहत नाही. देवळात आला की बाहेर काढलेले सर्वांचे जोडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावून ठेवतो, आणि कोणी ती ओळ मोडली तर कळवळून रडतो. घंटा वाजली की दोन्ही कान दाबून धरतो. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ती अवस्था आहे.

मागील नवरात्रात ताई माहेरी धारला आली होती. बाबांच्या ऐवजी त्या संध्याकाळी आरतीचे तबक माझ्या हाती होते. आरती सुरू होताच भाचा किंचाळू लागला आणि उजव्या हाताने आपले डोके बडवू लागला. चार माणसे वळून पाहू लागली. मला त्या मुलाची दया येण्याऐवजी लोकांची लाज वाटली. मी ताईला म्हटले, “याला बाहेर ने. लोकांना आरती ऐकू येत नाही.” ताई काही न बोलता त्याला घेऊन गेली. रात्री मी त्याच्या कपाळी अंगारा लावला आणि आपण आपले कर्तव्य केले असे समजून निजलो.

पुढचे दोन दिवस मुलगा जेवला नाही, झोपला नाही, डोके बडवीत राहिला. आम्ही सर्वजण म्हणत होतो, “त्याचे हे नेहमीचेच आहे.” तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उशीवर पू आणि रक्ताचा डाग दिसला. त्याचा उजवा कान आतून पिकून फुटला होता. डॉक्टरांनी औषध दिले. दुसऱ्या रात्री मूल शांत झोपले. ताई त्याच्या उशाशी बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, “अरे, हा बोलत नाही असं तुम्ही म्हणता. मग दोन दिवस हा दुसरं काय करत होता?”

बंधु-भगिनींनो, बाबांनी मला वाटेत सांगितलेले वाक्य मी विसरलो होतो. ज्या कानाला औषध हवे होते, त्या कानाला मी अंगारा दिला. आणि ज्या स्वभावाला समजून घ्यावयास हवे होते, त्या स्वभावाला मी देवळाबाहेर काढले. माझ्या दोन्ही चुका एकदम झाल्या.

त्यानंतर डॉक्टरांना व ताईला विचारून मी या विषयाची माहिती करून घेतली. स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा येऊन जाणारा रोग नव्हे. मेंदूची घडण जन्मापूर्वीपासूनच निराळ्या रीतीने होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तिची लक्षणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत दिसू लागतात: मूल बोटाने वस्तू दाखवीत नाही, हाकेला ओ देत नाही, बोलणे उशिरा येते किंवा ऐकलेलेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, एकच खेळ तासन् तास खेळते, आवाज, उजेड वा स्पर्श त्याला सोसवत नाही. सर्व मुले एकसारखी नसतात. काही उत्तम बोलतात व शिकतात, काहींना जन्मभर आधार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक अशी व्यक्ती होती. म्हणजे आपल्या उत्सवाच्या पंगतीतही अशी पाने असणारच.

या अवस्थेचे वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांच्या अभ्यासावरून केले. पुढे काही पंडितांनी आईच्या मायेत उणीव असल्यामुळे मूल असे होते, असा ठपका मातांवर ठेवला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून तो आरोप खोडून काढला. नंतर १९९८ साली लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचविणारा एक लेख इंग्लंडात प्रसिद्ध झाला. तो सदोष ठरून २०१० साली मागे घेण्यात आला. तथापि आपल्याकडे अजून आईलाच बोल लावतात, पूर्वजन्मीचे पाप काढतात, कोणी ग्रहण पाळले नाही म्हणतात. माझ्या ताईने हे सर्व ऐकले आहे, आणि सांगावयास लाज वाटते, त्यातले काही देवळाच्या ओट्यावरच ऐकले आहे.

येथे मला श्रीमद्भागवतातील जडभरताची कथा आठवते. तो कोणाशी धड बोलत नसे, म्हणून लोक त्याला जड, वेडा समजत. भाऊ त्याला मिळेल त्या कामाला जुंपीत. एकदा राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडला, म्हणून त्याला धरून आणले. पायाखाली मुंगी-किडा चिरडू नये म्हणून तो पुढची जमीन पाहून पाऊल टाकी. त्यामुळे इतर भोयांशी त्याची चाल जुळेना व पालखीला हिसके बसू लागले. राजा संतापून त्याला टाकून बोलला. पुढे भरताचे उत्तर ऐकून तोच राजा पालखीतून उतरला आणि त्याच्या पायी लागला.

या कथेचा उलटा अर्थ कोणी घेऊ नये. जडभरताने ते मौन जाणून-बुजून पत्करले होते; आमच्या मुलाने काही पत्करलेले नाही. तो कोणी छुपा ज्ञानी आहे म्हणून त्याला मान द्या, असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, पालखी हलली तेव्हा राजाने शिव्या दिल्या, पण चाल का चुकते हे त्या भरतालाच विचारले नाही. मीही विचारले नाही. किंचाळण्याला कारण असते, हे ध्यानात घेणे ही समजुतीची पहिली पायरी होय.

समजून घेणे म्हणजे उपाय सोडून स्वस्थ बसणे नव्हे. स्वमग्नता घालवील असे औषध नाही. जो कोणी गंडा, चूर्ण वा महागडी सुई देऊन ती ‘मुळापासून बरी करतो’ म्हणेल, त्याच्यापासून दूर राहावे. परंतु बोलण्याचे, हातापायांच्या कामाचे व रोजच्या व्यवहाराचे शिक्षण लवकर सुरू केले तर मुलाचे जगणे पुष्कळ सुकर होते. शिवाय फेफरे, निद्रानाश, बद्धकोष्ठ, दातदुखी, कानदुखी ही दुखणी या मुलांनाही होतात आणि त्यांवर इतरांप्रमाणेच उपचार आहेत. ज्याला पोट दुखते म्हणून सांगता येत नाही, त्याचे पोट आपण अधिक काळजीने पाहिले पाहिजे. मूल एकाएकी नेहमीपेक्षा निराळे वागू लागले, तर ‘त्याचे नेहमीचेच’ म्हणण्याआधी त्याचा कान, घसा, दात व पोट डॉक्टरांना दाखवावे.

बरे करणे आणि समजून घेणे या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा नांदतात, याचे उदाहरण आपल्या देवासनेच दिले आहे. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. कॅनरांनी या मुलांचे वर्णन केले त्याच १९४३ साली अमेरिकेतच स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध सापडले होते. ते आपल्याकडे नुकतेच मिळू लागले होते. कुमारजींचे गाणे सुमारे पाच वर्षे बंद होते. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातील बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले. नव्या औषधोपचाराने क्षय हटला. एक फुफ्फुस मात्र कायमचे निकामी झाले. ते कोणत्याही औषधाने परत येणारे नव्हते. तेव्हा त्यांनी आपल्या उरलेल्या दमाला ओळखून गाणे नव्याने घडविले आणि १९९२ पर्यंत, देवासलाच राहून, देशाला ऐकविले. जे बरे होण्यासारखे होते ते औषधाने बरे केले; जे होण्यासारखे नव्हते त्याच्याशी भांडत न बसता त्याची चाल ओळखली. माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी झालेली ही साधना मी तरी तपश्चर्येहून कमी मानीत नाही.

आता सभासद कुटुंबांस तीन विनंत्या करतो. पहिली ही की, ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ते लपवू नये. जिल्हा रुग्णालयात प्रथम चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना या मुलांसाठी आहे. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो. दुसरी ही की, ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनी त्या मातेला उपदेश करू नये. पंगतीत तिच्या शेजारी बसावे आणि पाच मिनिटे तिच्या मुलाकडे पाहावे, म्हणजे तिला दोन घास सुखाने खाता येतील. तिसरी गोष्ट बाबांच्या संमतीने कळवितो: येत्या महिन्यापासून दर बुधवारी सायंकाळची आरती घंटा, झांज व कर्ण्याविना, मंद स्वरात होईल. ज्यांना मोठा नाद सोसवत नाही, मग ती मुले असोत की वृद्ध, त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे. देवाला ऐकू जाण्यासाठी घंटेची गरज नाही, हे बाबांनीच मला सांगितले.

ताई पुढील महिन्यात पुन्हा येणार आहे. मी तिची क्षमा मागितली आहे; भाच्याची कशी मागावी हे मला अद्याप उमगलेले नाही. तूर्त इतकेच करीन की, बुधवारी आरतीनंतर आपण बाहेर याल तेव्हा आपले जोडे ठेवल्या जागी नसतील आणि एका ओळीत लावलेले आढळतील, तर आपण न रागावता ते ओळीच्या टोकाकडून घ्यावेत, अशी हात जोडून विनंती करतो.

सर्वांना आरोग्य लाभो, आणि जेथे आरोग्य आपल्या हाती नाही तेथे समजूत लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना. इति शम्.