काम्य आणि नित्य : लकी बांबूच्या संगोपनाचा विचार

एखाद्या वस्तूत भाग्य वास करते का, आणि करत असेल तर तिची निगा राखणे ही उपासना ठरते की देवघेव, हा प्रश्न धर्मविचाराला नवा नाही; पण मुंबई-पुण्याच्या सदनिकांत आणि दुकानांच्या गल्ल्याशेजारी काचेच्या भांड्यात उभ्या असलेल्या लकी बांबूमुळे तो आज फार लहान आणि ठोस रूपात समोर येतो. ही वनस्पती मुळात बांबू नव्हे. बांबू गवताच्या कुळातला आणि आतून पोकळ असतो, तर ड्रसीना सँडेरियाना हे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती शतावरीच्या कुळातली, भरीव कांडीची आणि मध्य आफ्रिकेतील कॅमेरूनच्या परिसरातल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि तैवानात तिची मोठ्या प्रमाणावर लागवड होते. फेंगशुई ही वास्तूतील ‘ची’ या प्राणशक्तीचा प्रवाह अनुकूल करू पाहणारी चिनी विद्या असून तिच्या लोकप्रिय शुभवस्तूंमध्ये या वनस्पतीला स्थान मिळाले आहे. तीन कांड्या सौख्य, संपत्ती आणि दीर्घायुष्य यांसाठी ठेवतात. चार मात्र कोणी ठेवत नाही, कारण चिनी भाषेत त्या संख्येचा उच्चार मृत्यूवाचक शब्दाच्या जवळ जातो.

या श्रद्धेचे स्वरूप समजून घेण्यास पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. विशिष्ट फळाची इच्छा धरून केलेले कर्म ते काम्य. पावसासाठी केली जाणारी कारीरी इष्टी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. याउलट अग्निहोत्रासारखे जे कर्म आयुष्यभर करायचेच असते आणि जे न केल्यास ‘प्रत्यवाय’, म्हणजे कर्तव्य चुकल्याचा दोष, लागतो, ते नित्य. दोहोंमध्ये आणखी एक अंतर मीमांसकांनी बारकाईने नोंदवले आहे : काम्य कर्म सर्व अंगांसह यथासांग झाले तरच फळते, तर नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते, त्यात एखादे अंग राहून गेले म्हणून ते वाया जात नाही.

लकी बांबू घरात येतो तो काम्य कर्माचे साधन म्हणून. म्हणूनच कांड्यांची संख्या, भांड्याची दिशा आणि लाल फीत या अंगांना इतके महत्त्व येते, आणि अपेक्षित भरभराट झाली नाही की दोष यांपैकीच एखाद्या अंगावर ढकलला जातो. पुत्रासाठी केलेली इष्टी निष्फळ का ठरते, या आक्षेपाला गौतमाच्या न्यायसूत्रांनीही याच धर्तीचे उत्तर दिले होते : उणीव कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असावी. हे उत्तर तर्काच्या दृष्टीने बंदिस्त आहे, कारण कोणतेही अपयश त्याला खोटे ठरवू शकत नाही, आणि नेमकी हीच त्याची दुर्बलता आहे. जो दावा अपयशानेही ढळत नाही, त्याला यशानेही पुष्टी मिळत नाही. वनस्पतीमुळे धन येते ही समजूत कार्यकारणभाव म्हणून टिकत नाही, हे येथे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

परंतु वनस्पती घरात आली की तिच्याबरोबर एक वेगळे कर्म येते आणि ते निखालस नित्य आहे. तिला खिडकीतून गाळून येणारा उजेड लागतो, कारण थेट उन्हात पाने करपतात. मुळे बुडतील एवढेच पाणी पुरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन रात्रभर पाणी उघडे ठेवल्याने बरेचसे निघून जाते, पण फ्लोराइड तसे जात नाही आणि या कुळातल्या वनस्पतींच्या पानांची टोके त्यामुळे तपकिरी पडतात, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी अधिक बरे. निरोगी मुळे तांबूस-केशरी दिसतात. ती काळी आणि बुळबुळीत झाली तर कूज सुरू झाली असे समजावे. पाणी बदलण्याचे कर्म तर केवळ वनस्पतीपुरते उरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याशेजारी अंडी घालतो, उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस पुरतात, आणि भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून देऊन भांडे आतून घासणे आवश्यक ठरते. चीनहून पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूबरोबर एडिसचीच एक जात 2001 साली लॉस एंजेलिसला पोहोचली होती. मंगलासाठी आणलेली वस्तू दुर्लक्षामुळे शेजाऱ्याच्या घरी ताप पोहोचवू शकते, आणि प्रत्यवायाची कल्पना इतक्या उघडपणे सिद्ध झालेली क्वचितच दिसेल.

विधीने इच्छित फळ मिळते या श्रद्धेची चिकित्सा चिनी परंपरेतही फार पूर्वी झाली होती. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील कन्फ्यूशियन विचारवंत श्युन्झी याने पावसासाठी होणाऱ्या विधीविषयी असे मत मांडले की विधीनंतर पडणारा पाऊस आणि विधीवाचून पडणारा पाऊस यांत फरक नाही. सामान्य लोक त्या विधीत दैवी शक्ती पाहतात, तर विवेकी माणूस त्याकडे मानवी जीवनाला सुसंस्कृत रूप देणारा आचार म्हणून पाहतो. विशेष म्हणजे त्याने विधी सोडून देण्याचा सल्ला दिला नाही. फळाचा दावा नाकारूनही आचाराची प्रतिष्ठा राखता येते, हा त्याचा विचार अंधश्रद्धेच्या सरसकट खंडनापेक्षा सूक्ष्म आहे आणि अधिक सहृदयही. त्याच्या प्रकाशात पाहता, शुभेच्छा म्हणून कोणी दिलेली ही वनस्पती स्वीकारणे, तिला घराच्या दर्शनी भागात जागा देणे, यांत बुद्धीशी प्रतारणा नाही. प्रतारणा होते ती तिच्याकडून हिशेब मागितल्यावर.

या दोन दृष्टींमधला फरक सर्वांत स्पष्ट होतो तो कांडी पिवळी पडल्यावर. काम्य दृष्टीला तो अपशकुन वाटतो आणि भांड्यासकट सारे टाकून दिले जाते, जणू करार मोडला. वास्तविक पिवळेपणा बहुधा कुजके पाणी, अतिरिक्त खत किंवा प्रखर ऊन यांतून येतो. नित्य कर्मात चूक झाली तर धर्मशास्त्र प्रायश्चित्त सांगते, कर्माचा त्याग नव्हे, आणि येथेही तसेच करता येते : पिवळी कांडी इतरांपासून वेगळी करावी, तिचा वरचा भाग अजून हिरवा व टणक असेल तर स्वच्छ सुरीने तो कापून ताज्या पाण्यात उभा करावा, म्हणजे काही आठवड्यांत बुडालेल्या पेरापाशी नवी मुळे फुटू लागतात. उरलेल्या कांड्यांची संख्या आता शुभ आहे की अशुभ, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारण्याची गरज नाही.